फुली मारलेली घरं

हे ऐकून आमच्या स्टाफरूममधले लोक हसले. तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. पण जे घडलं ते माझ्याबाबतीत घडलं. तेही भर दुपारी, चांगला शुद्धीवर असताना.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. जनगणना आली की सगळ्यांना आम्हा शिक्षकांची आठवण येते. त्या वर्षी मी बंद पडलेल्या कारखान्याची कामगार कॉलनी मागून घेतली, कारण माझी आत्या तिथे राहायची.

मला वाढवलं तिने. तिचे यजमान कारखान्यातच होते. ते गेले, कारखाना बंद पडला, कॉलनी ओस पडत गेली, पण आत्या जागची हलली नाही. मी दर वेळी म्हणायचो, "आत्या, चल माझ्याकडे. इथे एकटी काय करतेस?"

"एकटी कुठे रे? शेजार आहे की."

मागच्या जनगणनेत या कॉलनीत हजारावर माणसं होती. आता किती उरली, ते मला मोजायचं होतं.

शेवटच्या गल्लीत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. प्रत्येक घरापुढे अंगण, मग व्हरांडा, मग दार. अंगणात कमरेइतकं गवत. आत शिरायचा मला जाम कंटाळा आला. अशा वेळी आम्ही गणनेवाले जे करतो तेच मी केलं. फाटकात उभा राहून हाक मारली.

"घरात किती माणसं?"

मी पेन काढलं. मग...

"पाच जण, मास्तर." बाईचा आवाज होता. हातात काम असल्यासारखा.

पुढच्या घरात एक म्हातारा खोकला. "आम्ही दोघंच," म्हणाला. त्याच्या पुढच्या घरातून एका लहान मुलीने सांगितलं, आई आंघोळीला गेलीय आणि आम्ही चौघं आहोत. मी भराभर लिहीत गेलो. काम पटापट उरकतंय म्हणून खूश होतो.

गल्लीच्या टोकाला वॉचमन सावलीत बसला होता. मघापासून माझ्याकडेच बघत होता.

"मास्तर, कोणाशी बोलताय?"

"लोकांशी. आणखी कोणाशी?"

"या गल्लीत कोणी नाही हो राहत. शेवटच्या घरात तुमच्या आत्या, बस्स. बाकीचे कधीच गेले."

मला वाटलं, माझी फिरकी घेतोय. मी मागे फिरलो. पहिलं फाटक ढकललं, गवत तुडवत व्हरांड्यात गेलो...

दाराला कुलूप होतं. गंजून कडीला चिकटलेलं. कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं, कुठेही न फाटलेलं.

दोरीवर कपडा नाही. दारात चप्पल नाही.

मी सगळी घरं पाहिली. सगळीकडे तेच.

आत्याकडे येऊन तांब्याभर पाणी प्यायलो. मी सांगितलं ते ऐकून ती दचकली नाही. उलट तिला बरं वाटलेलं दिसलं.

"तुझ्याशीपण बोलले? नवख्या माणसाशी बोलत नाहीत ते."

"कोण आहेत ते, आत्या?"

"मला काय माहीत. सकाळी भांडी वाजतात, संध्याकाळी पोरं दंगा करतात. दुपारी माझा डोळा लागला की पलीकडची हळू बोलते. माझा वेळ जातो रे." मग म्हणाली, "तू लिहिलंयस ते तसंच राहू दे."

मी गणनेच्या साहेबांना फोन केला. आवाजांचं काही बोललो नाही, आधीच शाळेत मला अर्धवट समजतात. कुलूपबंद घरांचं काय करायचं, एवढंच विचारलं.

"रिकामी आहेत ना? मग तसं लिहा आणि दारावर फुली मारा." नियमच होता तो. रिकाम्या घराच्या दारावर लाल रंगाची फुली.

आत्या माझ्यामागून गल्लीभर चालत आली. "अरे, कागदावर काय हवं ते कर. दारावर नको. त्यांच्या तोंडावर 'तुम्ही नाही' म्हणू नकोस."

"मला नोकरी करायचीय, आत्या."

पहिल्या दाराला ब्रश लावला तेव्हा आत भांडी वाजत होती. फुली पुरी झाली... आणि आवाज थांबला.

दुसऱ्या घरातला खोकला थांबला.

तिसऱ्या दारापाशी माझा हात अडला. आत कोणीतरी अगदी दाराशी येऊन उभं होतं. श्वास ऐकू येत होता.

"आम्ही आहोत," ती मुलगी म्हणाली.

मी डोळे मिटून फुली मारली.

आठवड्याने आत्याचा फोन आला. "मला घेऊन जा." इतकी वर्षं मी ज्यासाठी डोकेफोड केली, ते ती आपणहून म्हणत होती.

"काय झालं?"

"कोणी बोलत नाही."

आता ती माझ्याकडे असते. आमची वस्ती मात्र फुगत चाललीय. मागच्या गणनेला जिथे माळ होता तिथे इमारती उभ्या आहेत. वर पोरं नाचतात, खाली टीव्ही बोंबलतो. आत्या खिडकीशी कान देऊन बसते. "इतकी माणसं आहेत, पण मला हाक मारणारं कोणी नाही," असं ती एकदा म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

म्हणून मागच्या रविवारी मी रॉकेल आणि फडकी घेऊन एकटाच कॉलनीत गेलो. घासून घासून फुल्या पुसल्या. दंड भरून आले. प्रत्येक दाराला कान लावला.

काही नाही. कुठेच काही नाही.

शेवटचं घर आत्याचं. ती माझ्याकडे आल्यावर त्यावरही फुली मारावी लागली होती. तीही मीच मारली होती. निम्मी पुसून झाली असेल, तेवढ्यात...

"कोण आहे?"

आतून. आत्याचा आवाज.

मी तिथूनच घरी फोन लावला. बायकोने उचलला. "आत्या ना? या काय, समोर चहा पितायत. थांबा, देते."

"बोल रे," आत्या माझ्या कानात म्हणाली.

आणि त्याच वेळी दाराआडून...

"कोणी आहे का बाहेर? मी एकटीच आहे रे इथे."

किल्ली माझ्या खिशात होती. मी कुलूप उघडलं नाही.

अर्धी फुली अजून त्या दारावर आहे. ती पुसून टाकावी की पुरी करावी, मला कळत नाही. आणि आत्याला विचारायची माझी हिंमत होत नाही.