टाकीतली साखर

"अब्बांनी धमकी दिली हे खरं हाय," शाझिया म्हणाली. "भर सभेत दिली. पण त्या टाकीत साखर त्यांनी टाकली नाय!"

रोह्यातल्या आपल्या कचेरीत खासगी तपासनीस नूतन ऐकत होती. तिचा मावसभाऊ सुशील शेजारी बसला होता. नागोठण्याच्या कंपनीतून लवकर निवृत्त झालेला हा गृहस्थ तिची गाडी चालवी, तिच्या पिशव्या धरी आणि दर प्रकरणात न चुकता भलत्याच माणसावर संशय घेई.

शाझियाने सगळं सांगितलं. पेणमधल्या दुकानांवर बसकर बसणार होता. त्या पैशांतून रामवाडी ते बाजार अशी शहर बस धावायची होती. मसुदा असा, की दुकान टपरीएवढं असो की चार मजली, कर एकच. बेकरीवाला यूनुस, म्हणजे शाझियाचे अब्बा, सभेत उसळले होते, "माझी एक भट्टी, नि हैबतरावांचे चार मजले. दोघांना एकच कर? असली बस आणलीत तर तिच्या टाकीत साखर पडंल!"

आणि उद्घाटनाच्या सकाळी बसच्या टाकीच्या तोंडाशी पांढरे दाणे सापडले. गाव एका सुरात ओरडलं, साखर! एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

"उद्या करावर सुनावणी हाय, ताई. छोट्या दुकानदारांच्या वतीनं अब्बा बोलणार होते. व्यापारी मंडळानं बोलणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नावच काढलं. ते गप बसले तर कर तस्साच बसंल."

"गप बसणारे वाटत नाहीत," नूतन म्हणाली आणि चप्पल पायात सरकवून उठली.

पेणच्या बेकरीत यूनुस भट्टीपुढे उभा होता. दुकानात गिऱ्हाईक एक नव्हतं, तरी पाव भाजणं चालू होतं.

"पोलिसांनी विचारलं, तुम्हालाही सांगतो," तो गुरकावला. "मी बोललो. परत बोलंन. पण मी तोंडावर भांडणारा माणूस हाय. चोरून टाकी उघडायला मी काय उंदीर हाय?"

"बस नको आहे तुम्हाला?" नूतनने विचारलं.

"कोण बोललं नको? गिऱ्हाईक बसनंच येणार. मला बस पायजे. मला तो कर नको."

बाहेर आल्यावर सुशील कुजबुजला, "फार तापट आहे गं. ह्यानंच केलं."

मग ते मिनीडोर रिक्षांच्या थांब्यावर गेले. चालकांचा पुढारी पुंडलिक बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता.

"बस आली की आमची सहा शिटं भरायचे वांधे," तो मोकळेपणाने म्हणाला. "पण ती गाडी हैबतशेटच्या आवारात उभी व्हती. मंडळाचे अध्यक्ष ना ते. फाटकाला त्यांचं कुलूप. आम्हाला आत कोण घेतो?"

"भिंत?" नूतनने विचारलं.

"कंबरेएवढी. चढणारा चढंल."

"ह्यानं केलं," गाडीत बसताना सुशील म्हणाला. "पोटावर पाय येतोय ना."

हैबतरावांच्या चार मजली किराणा दुकानात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. माणूस अगत्याचा, पण कवडीचुंबक. एक चहा मागवून त्याने तो तीन कपांत ओतला आणि संध्याकाळची हवा सुटली आहे म्हणून डोक्यावरचा पंखा बंद केला.

आवारात नेऊन त्यानेच बस दाखवली. टाकीचा नमुना पोलिसांनी तपासायला धाडला होता. उत्तर यायचं होतं. टोपणाच्या कडेला अडकलेले चार कोरडे दाणे नूतनने केसातल्या पिनेने कागदावर काढले. ती पुडी सुशीलच्या खिशात गेली.

"लोकांच्या सोयीची गाडी," हैबतराव हळहळला, "नि तिच्या टाकीत चवीचं ओततात! माणसं आहेत की जनावरं? मी तर म्हणतो, कर भरा, गावाचं भलं करा."

"तुमचा पाठिंबा आहे कराला?" नूतनने विचारलं.

"शंभर टक्के. जसा मांडलाय तसाच पाहिजे."

ते दुकानात परतले तोच कृष्णाबाई नावाची म्हातारी गल्ल्याशी आली. "शेट, मिठाची पुडी द्या."

हैबतरावाने कानाला हात लावला. "अगो, दिवे लागले! त्याचं नाव तरी घेऊ नये. आमच्याकडं चवीचं म्हणतात. नि मिळंल उद्या सकाळी."

म्हातारी पुटपुटत गेली. नूतनने कप खाली ठेवला आणि निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी सुशीलने शर्ट घातला तर खिशाला ओला डाग. "डिझेल लागलं बघ तुझ्या पुडीचं," तो कुरकुरला.

"वास घे," नूतन म्हणाली. वास कसलाच नव्हता.

सभागृह भरलं होतं. हैबतराव पुढच्या रांगेत होता, पुंडलिक त्याच्या मागे. यूनुस आणि शाझिया मागे भिंतीशी उभे होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांकडून नूतनने दोन मिनिटं मागून घेतली.

"हैबतराव, टाकीत काय होतं?"

"साखर. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग काल संध्याकाळी 'चवीचं' का म्हणालात? साखरेचं नाव दिवेलागणीला कुणी टाळत नाही. तुमच्या घरात टाळतात ते एकाच जिनसाचं. पुंडलिकराव, जरा चाखा."

पुंडलिकने पुडीतला ओलसर दाणा जिभेवर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आयला, खारट! मीठ हाय ह्ये!"

सुशीलचा हात आपसूक खिशाकडे गेला. पेणच्या दमट हवेत मिठाला पाणी सुटतं, हे त्याला आता आठवलं.

"मीठ काय माझ्याच दुकानात असतं?" हैबतराव ओरडला.

"नाही, घरोघर असतं. पण काल ते मीठ आहे हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. पोलिसांनासुद्धा नव्हतं. जिभेला शिस्त आहे तुमच्या; ती नडली. धमकी यूनुसभाईंची, कुलूप तुमचं. ते आज गप बसले असते, तर चार मजल्यांवर तुम्ही एका टपरीएवढाच कर भरणार होतात."

"यूनुसला अडकवायचं तर साखरच टाकली असती ना मी!" हैबतरावाच्या तोंडून निघून गेलं.

"टाकायला हवी होती," नूतन म्हणाली. "पण साखर महाग. डिझेलात बुडालेलं कोण चाखतंय, असं वाटलं तुम्हाला."

सभागृहात हशा फुटला. हैबतराव मात्र खुर्चीला धरून बसला. दारातला हवालदार पुढे आला आणि त्याला बाहेर घेऊन गेला.

गोंधळ ओसरला तसा यूनुस भिंत सोडून थेट टेबलापुढे आला.

"मला बोलायचंय, साहेब. कर द्यायला तयार हाय मी. जागेच्या मापानं लावा. भट्टीला भट्टीएवढा, चार मजल्यांना चार मजल्यांएवढा."

साहेबांनी कपाळ पुसलं. "आज वातावरण तापलंय, यूनुसभाई. खाली बसा. हा विषय आपण पुढच्या सभेत घेऊ."

"नाय, आजच," यूनुस म्हणाला. "मला चोर ठरवायला कुणी पुढच्या सभेची वाट नाय बघितली."