न संपणारं औषध

फ्रिजच्या दारातली औषधाची बाटली भरलेली होती. अंगावर छापलेल्या बाणाला औषध बरोब्बर टेकलेलं होतं. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही.

तपासनीसबाईंनी बाटली उजेडात धरली. हलवली. पुन्हा धरली. मग फ्रिजचं दार पायाने ढकललं आणि त्या तिथेच फरशीवर मटकन बसल्या.

आज दुपारपर्यंत बारा डोस. दर डोस पाच मिली, म्हणजे साठ. बाटली शंभरची. ती अर्ध्याच्याही खाली उतरायला हवी होती. आणि ही बया तर पहिल्या दिवशी होती तशीच!

"हॅलो? ऐकताय ना?" खांदा आणि कान यांच्यात दाबलेल्या फोनमधून डॉक्टरीणबाई विचारत होत्या.

"ऐकतेय."

"सकाळी तुमचे मिस्टर धाकट्याला घेऊन आले होते. ताप तसाच आहे, कान अजून वाहतोय. मला एवढंच सांगा, औषध वेळच्या वेळी पोटात गेलंय का? गेलं असेल तर ते त्याला लागू पडत नाहीये. मग उद्या सकाळी भरती करायचं आणि सुया सुरू करायच्या. गेलंच नसेल तर आधी हेच नीट देऊन बघू. सहापर्यंत नक्की कळवा. अंदाज नकोय मला."

फोन बंद झाला. घड्याळात तीन वाजले होते. आतल्या खोलीत दीड वर्षाचा पिटुक तापलेल्या गालाखाली हात घेऊन झोपला होता. एवढ्याशा त्या हातात सुई खुपसायची?

तपासनीसबाई हे नाव त्यांना दूध संकलन केंद्रात मिळालेलं. पहाटे चारला उठायचं, पाचपासून कॅनमागून कॅन तपासायचे. कुणी पाणी घातलंय, किती घातलंय, हे त्या नळी बुडवायच्या आधीच नुसत्या नजरेने सांगत. घरी मात्र आपण दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आलोय हे त्यांना दुपारी कळायचं. डोळ्यांवर कायमची पेंग. तीन मुलं, एक नोकरी आणि झोप नावाची एक जुनी मैत्रीण, जी हल्ली भेटत नव्हती.

फ्रिजवर कागद चिकटवलेला होता. सकाळचं औषध नवरा देणार, दुपारचं सासूबाई, संध्याकाळचं त्या स्वतः. दिलं की खूण करायची. निळ्या पेनाच्या चार, पेन्सिलीच्या चार, लाल पेनाच्या चार. बाराच्या बारा खुणा जागेवर.

म्हणजे कुणीतरी खोटं बोलत होतं. नाहीतर कुणीतरी विसरत होतं.

त्या उठल्या. पाय घसरला, फ्रिजचं हँडल धरलं म्हणून वाचल्या. फ्रिजच्या दारापाशी, मुलांच्या स्टुलाखालून पाण्याचं थारोळं पसरलं होतं.

नवरा बसवर कंडक्टर. आज रजा टाकून पिटुकला दवाखान्यात नेलं होतं, आता कोचावर आडवा झाला होता.

"ऊठ."

"पुढे सरका, पुढे रिकामं आहे," तो झोपेतच म्हणाला.

"अरे, बस नाहीये ही, घर आहे. ऊठ! पिटुकला औषध दिलंस का?"

तो उठून बसला. "दिलं की! रोज आठच्या ठोक्याला. हा बघ पुरावा." त्याने खुंटीवरच्या गणवेशाकडे बोट दाखवलं. खिशाजवळ गडद गुलाबी डाग पडला होता. "पहिल्या सकाळी थुंकला माझ्यावर. दिवसभर पॅसेंजर विचारत होते, काय हो, रंगपेटी सांडली का?"

"आणि नंतर?"

"नंतर कसला शहाणा झालाय! आज सकाळी तर गपगुमान गिळलं. चमचा चाटून अजून मागत होता. तापाने का होईना, पोरगं सुधारलं."

"बाटली भरलेली आहे."

"मग काय, मी काय चमच्याने हवा पाजली?" त्याचा आवाज चढला. "तुझं तुला आठवतंय का? परवा संध्याकाळी तू फोनचा चार्जर फ्रिजमध्ये ठेवला होतास."

तो वार वर्मी बसला. त्या बाहेर आल्या.

सासूबाई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. गेल्या महिन्यात कपाळावरचा चष्मा घरभर शोधला होता, दुधाचं पातेलं दोनदा जाळलं होतं. कुणी काही बोललं नव्हतं. पण सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि सगळ्यांनी पाहिलंय हे सासूबाईंना माहीत होतं.

"आई, दुपारचं औषध..."

"दिलं." हात थांबला. "दिलं ना मी? खूण केलीय बघ."

"खूण आहे. पण दिल्याचं आठवतंय का?"

"पहिल्या दिवशीचं पक्कं आठवतंय. चमचा ओट्यावर राहिला आणि मुंग्यांची ही रांग लागली. नंतर..." त्यांनी पिटुकचं झबलं उलटसुलट केलं. "नंतर मुंग्या काही आल्या नाहीत. चमचा रोज तिथेच ठेवते मी. की ठेवत नाही, कुणास ठाऊक. तू तो फ्रिज दुरुस्त करून घे बाई, दोनदा घसरले मी."

तपासनीसबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. तशा वेळी तोंडातून जे निघू नये तेच निघतं.

"उद्यापासून दुपारचं औषध द्यायला शेजारच्या ताईंना सांगू का?"

सासूबाईंनी झबल्याची घडी घातली. मग तीच घडी मोडून पुन्हा घातली.

"सांग," त्या म्हणाल्या.

साडेतीन. आता उरले दोन साक्षीदार. साडेतीन वर्षांचा गुंडू पलंगाखाली पालथा पडून बूट गाडीसारखा चालवत होता.

"गुंडू, पिटुकचं औषध कोणी सांडलं का?"

"हो."

"कोणी?"

"डायनासोरने."

"खरं सांग."

"खरा डायनासोर होता. मग तो ऑफिसला गेला."

"बरं. मग फ्रिजसमोर पाणी कुणी सांडलं?"

पलंगाखालून एक अत्यंत दुखावलेला चेहरा बाहेर आला. "मी शू नाही केली! आजी मला रागावते. फ्रिज शू करतो. रोज करतो. पिटुकने औषध घेतलं की करतो."

"म्हणजे लगेच?"

"हो. मी त्याला सांगितलं, बाथरूममध्ये जा. जातच नाही!"

फ्रिजला वेळापत्रक असतं हे तपासनीसबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. पण हसू यायलाही अंगात ताकद लागते.

थोरली ठमी साडेपाच वर्षांची. घरातली खरी मुख्याध्यापिका. ती भातुकलीतली किटली, कपबशा मांडून बसली होती, बाहुलीचा ताप बघत होती. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"ठमे, तू पिटुकचं औषध प्यायलीस?"

"शी! दुसऱ्याचं औषध पिऊ नये, मरतो माणूस."

"सांडलंस?"

"नाही."

"ओतून टाकलंस?"

"नाही गं आई! औषध ओतून टाकलं तर पिटुक बरा कसा होईल? तुला एवढंही कळत नाही?"

ठमी खोटं बोलत नसे. तिला ते जमतच नव्हतं. खोटं बोलताना ती कान धरायची. आत्ता कान मोकळे होते.

"बाह्या कशा भिजल्या?"

"काम करत होते," ठमीने मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला. "मलापण खूप कामं असतात."

तपासनीसबाई स्वयंपाकघरात परतल्या. बाटली समोर ठेवली. डोकं टेबलावर टेकलं. सहाला डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं? सासू विसरते? नवरा फसवतो? की मीच झोपेत खुणा करते?

डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे केंद्रातले कॅन येऊ लागले. एक, दोन, तीन. गाय कधी आजारी पडते, कधी वासराला जास्त पाजते. दूध कमीजास्त होतंच. ज्याचा कॅन रोज त्याच खुणेपर्यंत भरलेला येतो, त्याच्याकडे त्या आधी बघत.

त्या ताडकन सरळ झाल्या.

बाटलीच्या गळ्याशी पहिल्या दिवशीचा ओघळ वाळून बसला होता. गडद, जाड, चिकट. त्यांनी स्टीलची ताटली तिरकी धरली आणि औषधाचा एक थेंब वर सोडला. थेंब सरसर धावत खाली गेला. मागे ओघळसुद्धा ठेवला नाही. रंग फिका, जेमतेम गुलाबी. जिभेवर घेतला. कडूपणा बराच गेलेला.

साडेचारला त्यांनी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. पिटुक नवऱ्याच्या खांद्यावर कण्हत होता.

"या घरात कुणीही खोटं बोललेलं नाही," तपासनीसबाई म्हणाल्या. "आणि कुणीही विसरलेलं नाही."

सासूबाईंनी मान वर केली.

"समजा, कुणी दोनचार डोस विसरलं असतं, तर औषध थोडं जास्त उरलं असतं. पण ही बाटली बाणापर्यंत भरलेली आहे. म्हणजे बारापैकी एकही डोस दिला गेला नाही, माझासुद्धा नाही. ते कसं शक्य आहे? तुझ्या शर्टावर डाग आहे. आईंच्या चमच्याला मुंग्या लागल्या. औषध बाहेर पडत होतं. विसरल्यामुळे बाटली पुन्हा भरत नाही. कुणी भरली तरच भरते."

"कशाने?" नवऱ्याने विचारलं.

"पाण्याने. पहिल्या दिवशी पिटुक थुंकला, कारण औषध कडू होतं. आज चमचा चाटतो, कारण त्यात जवळपास निम्मं पाणीच आहे. मुंग्या यायच्या बंद झाल्या, कारण साखर पातळ झाली. आणि फ्रिज गळत नाही. पाणी दिसतं ते फक्त औषध दिल्यानंतर. हे आपल्याला गुंडूने सांगितलं, आणि आपण त्या बिचाऱ्यालाच रागावलो."

"मी सांगितलं होतं, फ्रिज शू करतो!" गुंडू टेबलावर चढला.

"फ्रिज नाही करत रे. त्याच्यासमोर स्टूल ठेवून, खेळण्यातल्या किटलीने कुणीतरी बाटलीत पाणी ओततं. थोडं आत जातं, बाकीचं फरशीवर आणि बाह्यांवर. ठमे, मघाशी मी तुला सगळे चुकीचे प्रश्न विचारले. आता बरोबर विचारते. बाटली कोण भरतं?"

"मी," ठमी अभिमानाने म्हणाली. "रोज तीनदा. तुम्ही सगळे कमी करून ठेवता."

सगळ्यांची नजर बाटलीकडे गेली.

"पण का गं राणी?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"आईनेच तर सांगितलं! औषध आणलं तेव्हा आत नुसती भुकटी होती. आईने पाणी घातलं, मला बाण दाखवला आणि म्हणाली, पाणी बरोब्बर इथपर्यंत हवं, नाहीतर औषध कामाचं नाही." तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "मी एकदापण बाणाच्या वर जाऊ दिलं नाही. चुकलं का?"

तपासनीसबाईंनी तिला मांडीवर ओढलं. पहाटेपासून शंभर कॅन नाक वर करून तपासणारी बाई, आणि तिच्याच फ्रिजमध्ये चार दिवस भेसळ चालू होती. भेसळ करणारीला बाणही तिनेच दाखवला होता.

"तू सांगितलं तसंच केलंस. अर्धंच सांगणारी मी. बाण फक्त पहिल्यांदा भरायचा असतो, हे सांगायचं राहिलं."

पाच वाजता त्यांनी फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. ते हसू होतं.

"म्हणजे औषध रोज आणखी पातळ होत होतं, आज तर जेमतेम निम्मंच गेलं. ही बाटली फेका. आजच नवी आणा आणि पहिल्यापासून सुरू करा. दोन दिवसांनी दाखवायला या. त्याआधी ताप वाढला तर थेट निघून या. उद्याची खाट मी रद्द करते."

नवरा चपला अडकवून दुकानाकडे पळाला. ठमीही मागे धावली. या वेळी तिला सगळं ऐकून घ्यायचं होतं, अर्धं नाही.

गुंडू पुन्हा बूट चालवायला गेला. स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. आणि सासूबाईंच्या कुशीत पिटुक.

"आई, मघाशी मी जे बोलले..."

"अगं, तू दुपारी बोललीस. मी तीन दिवस स्वतःशी तेच बोलत होते." सासूबाई पिटुकच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रोज बाटली हातात घेतली की ती भरलेली दिसायची. वाटायचं, काल मी दिलंच नाही की काय. खूण दिसायची, तर वाटायचं, ही तरी मीच केली का? मी विसरायला लागलेय का, हे कुणाला विचारायची भीती वाटत होती. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात."

तपासनीसबाईंनी सासूबाईंचा हात धरला. तो गार होता.

"दुपारचं तुम्हीच द्यायचं," त्या म्हणाल्या.

"दुपारचं देतेच." सासूबाईंनी डोळे पुसले आणि आवाज एकदम सासूचा झाला. "संध्याकाळचंही मीच देणार. तू आत जा आणि झोप. आणि खबरदार, मी जेवायला हाक मारायच्या आत उठलीस तर!"

तपासनीसबाई आत गेल्या. पलंगावर टेकल्या. चप्पल काढायला वाकल्या आणि तशाच, एक चप्पल पायात असताना, झोपून गेल्या.