दुर्बिणीचा झगा

दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती. घरातली धाकटी लेक शिलाई मशीन कापडानं झाकत होती, तेवढ्यात एक उंच माणूस दारातून वाकून आत आला आणि तसाच थोडा वाकलेला उभा राहिला.

"झगा शिवून मिळेल का?"

"मिळेल की. कोणाचा?"

"दुर्बिणीचा."

धाकटीनं गळ्यातली टेप काढली. असल्या गिऱ्हाइकाला हसायचं की हाकलायचं, ते तिला ठरवता येईना. "उंची?"

"पाच फूट दोन इंच."

"कंबर?"

"तीच तर पंचाईत आहे. तिला कंबरच नाही. वरपासून खालपर्यंत सारखी."

"मग सोपं आहे. अशी गिऱ्हाइकं नंतर कुरकुरत नाहीत," ती म्हणाली आणि हसली. हसताना, सवयीनं, तिनं तोंडापुढे हात धरला.

तो समोरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. दुर्बीण त्यानं स्वतः बनवली होती, गज जोडून, चहूबाजूंनी उघडी. चौकातल्या दिव्यांचा उजेड आत शिरायचा, म्हणून तिला वरून खाली काळं कापड घालायचं होतं. "शनिवारी खग्रास चंद्रग्रहण आहे. शाळेच्या गच्चीवर सगळ्या वस्तीला दाखवणार आहे."

पडद्यामागे आई बटणं लावत बसली होती. तिचा आवाज आला, "या शनिवारी दुकान बंद राहील. ग्रहणाच्या दिवशी दुपारी बारानंतर या घरात सुई-कात्रीला कोणी हात लावत नाही. सून पोटुशी आहे माझी."

"शुक्रवारी नेईन मी," तो पडद्याकडे बघून अदबीनं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो ट्रायलसाठी दुर्बिणीचे गज घेऊन आला. तिसऱ्या दिवशी इलास्टिक किती घट्ट हवं ते सांगायला आला. तेवढं तर चिठ्ठीवर लिहून पाठवता आलं असतं… पण धाकटीनं तसं काही सुचवलं नाही. उलट त्या दिवशी तिनं काउंटरवरचा पसारा जरा लवकर आवरून ठेवला होता.

"इतका काळा रंग कसा निवडलात?" त्यानं कापडावरून बोट फिरवत विचारलं.

"काळ्यात सात प्रकार असतात. हा त्यातला अगदी मुका काळा. यावरून उजेड परत येत नाही."

"मला तर सगळे एकच दिसतात."

"म्हणून तुम्ही मोज्यांचे जोड चुकवता," ती म्हणाली. त्यानं खाली पाहिलं. एक मोजा काळा होता, दुसरा निळा.

गुरुवारी आई सुनेला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. दुकानात दोघंच होती. तो शनिवारच्या भाषणाची तालीम करत होता, ती काज करत ऐकत होती. पृथ्वीची सावली चंद्रावर कशी पडते, ती गोल का असते, हे सगळं त्यानं छान सांगितलं. मग त्याला चेव आला.

"आणि काही लोक अजून काय म्हणतात माहितीय? ग्रहणात बाईनं कात्री धरली की बाळाचा ओठ कापला जातो. म्हणजे बघा, चंद्र तिकडे चार लाख किलोमीटरवर, कात्री इकडे, आणि…" इथे लोक हसतील म्हणून तो थांबला.

धाकटी हसली नाही. तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"माझा तसाच होता," ती म्हणाली. "जन्मतः. मी सहा महिन्यांची असताना टाके घातले."

तिच्या वरच्या ओठापासून नाकपुडीपर्यंत एक बारीक रेघ होती, हे त्यानं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण आवडलेल्या चेहऱ्यावरच्या गोष्टी माणूस चेहऱ्यासकट पाहतो. त्या रेघेचा आणि आपल्या विनोदाचा संबंध असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. गज तिथेच विसरून तो निघून गेला.

त्या रात्री धाकटीला राग आला होता की वाईट वाटलं होतं, ते तिचं तिलाच कळेना. शुक्रवारी सकाळी तिनं शेवटची शिवण पूर्ण केली आणि झग्याची घडी घालून ठेवली. तो आला, तेव्हा आई पडद्यामागे होती. ती तिथे आहे हे धाकटीला ठाऊक होतं. तरी आज बोलायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "ते वाक्य मी खोडलंय."

"खोडू नका. हसणं खोडा." ती उभी राहिली. "मी पोटात असताना एका ग्रहणाच्या संध्याकाळी आईनं कापड बेतलं होतं. दुसऱ्या दिवशी द्यायचे कपडे होते, तिला थांबता आलं नाही. मी झाले तेव्हा तिच्या सासरच्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं झाली. माझ्या ओठाला कोणी काही बोललं की ती स्वतःचे हात बघत बसते. ती अडाणी नाही, मास्तर. तिला दुसरं कारण कोणी दिलंच नाही."

"कात्रीमुळे नसतं ते," तो म्हणाला. "ग्रहणामुळेही नसतं. बाळ पोटात दीड-दोन महिन्यांचं असताना ओठाच्या दोन बाजू जुळतात. कधी जुळायच्या राहतात. का राहतात, ते पुष्कळदा डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही."

"मग असंच सांगा."

"कळत नाही, असं? गच्चीभर लोकांसमोर?"

"त्यात काय झालं? मलाही पुष्कळ गोष्टी कळत नाहीत," ती म्हणाली, आणि घडी त्याच्या हातात देताना तिचं बोट त्याच्या बोटाला लागलं. दोघांनीही हात जरा उशिरा मागे घेतला.

शनिवारी संध्याकाळी गच्ची भरली. धाकटी निघताना आईला म्हणाली होती, "येतेस?" आईनं मान हलवली होती. "आकाशात संकट असताना माणसानं हातातलं काम टाकावं आणि देवाचं नाव घ्यावं. मी घरीच बसते."

मास्तरनं बोलायला सुरुवात केली तीच अशी: "तुमच्यापैकी काहींना आता प्रार्थना करायची असेल. त्यांच्यासाठी टाकीपलीकडची बाजू मोकळी ठेवली आहे, तिकडे आम्ही गोंगाट करणार नाही." चार-पाच म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती समाधानानं तिकडे जाऊन बसली.

पण चंद्र काही दिसेना. सूर्य मागे बुडाला होता, पूर्वेकडे राखी-जांभळा अंधार चढत होता. मास्तर घड्याळ बघत होता. "तो उगवला आहे," तो सांगत होता, "पण सावलीतच उगवलाय, म्हणून…" मागून कोणीतरी म्हणालं, "गिळला वाटतं कायमचा," आणि हशा पिकला. मास्तर दुर्बिणीची मान इकडून तिकडे फिरवत होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

धाकटी कठड्याशी गेली. तिचं पोट रंगांवर चालत होतं. दोऱ्याची छटा कापडाशी जुळवताना तिची नजर अशीच बारीक व्हायची. ती आकाशाचा एकेक पट्टा पाहत गेली. आणि एका जागी राखी रंगात काहीतरी जुळलं नाही.

"तिथे," ती म्हणाली. "उंच झाडाच्या डावीकडे. विटकरी."

त्यानं दुर्बीण वळवली आणि डोळा लावला. मग बाजूला झाला. "तुम्ही आधी."

तिनं पाहिलं. विस्तवावर राख धरावी तसा एक गोळा, मंद, उबदार, अगदी जवळ. तिच्या कानाशी तो हळू बोलत होता, "पृथ्वीवर या घटकेला जिथे जिथे सूर्य मावळतोय आणि जिथे जिथे उगवतोय, त्या सगळ्यांचा लाल उजेड वाकून त्याच्यावर पडलाय."

"सगळ्यांचा?"

"एकही सुटत नाही."

ती बाजूला झाली तेव्हा जिन्याच्या दारात आई उभी होती. डोक्यावरून शाल, हात शालीत. रांगेतले लोक बाजूला सरले, पण ती दुर्बिणीकडे गेली नाही. मास्तरसमोर आली.

"काल पडद्यामागून ऐकलं मी," ती म्हणाली. "कात्रीमुळे नाही, हे नक्की?"

"नक्की."

"मग कशामुळे?"

त्यानं धाकटीकडे पाहिलं नाही, आईकडेच पाहिलं. "मला माहीत नाही, आई. तुमच्या बाबतीत तर कोणालाच सांगता येणार नाही. पण तुमच्या हातानं झालेलं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो."

आईनं शालीतून हात बाहेर काढले. म्हातारे, सुईनं टोचून टोचून घट्टे पडलेले. "माहीत नाही म्हणालात ते बरं केलंत," ती म्हणाली. "आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांना माहीत होतं."

मग ती दुर्बिणीशी वाकली. किती वेळ वाकली होती, कोणी मोजलं नाही, रांगेतलं कोणी कुरकुरलंही नाही. ती सरळ झाली तेव्हा डोळे पुसत होती, पण चेहरा निवांत होता. "सुनेला खिडकीतून दाखवते," ती धाकटीला म्हणाली. "एकटीच अंधारात बसलीय बिचारी." आणि भराभर जिना उतरून गेली.

तासाभरानं चंद्राच्या कडेला पांढरी धार आली. टाकीपलीकडची माणसं उठली, मुलं ओरडली, हळूहळू गच्ची रिकामी झाली. उरली दुर्बीण आणि दोघं. त्यांनी तिला आडवं केलं आणि दोघं जिना उतरायला लागली. तो पुढून, उलट्या पावलांनी. ती वरून.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला.

"विचारा."

"झगा झाला. पुढचं ग्रहण लांब आहे. सोमवारी मी दुकानात कोणत्या कामानं यायचं?"

"बिनकामाचे या."

"तुमच्या आईनं विचारलं, का आलात, तर?"

"तिला खरं सांगा. तिला आवडतं ते."

दोघं एक जिना उतरली. मग तो वळणावर थांबला. दुर्बिणीच्या दोन टोकांना दोघं, मध्ये पाच फूट दोन इंचांचं अंतर. "खरं म्हणजे… तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवशी कंबर विचारलीत तेव्हापासून. अर्थात या दुर्बिणीची."

धाकटीनं हातातलं टोक नीट सावरून धरलं. तो मान खाली घालून पुन्हा उतरायला लागला. एक पायरी, दुसरी, तिसरी…

"सावकाश ये," ती म्हणाली. "मागची पायरी फुटलीय."

तो जागच्या जागी थांबला. "काय म्हणालात?"

"पायरी फुटलीय म्हणाले."

"त्याच्या आधी."

"सावकाश ये." जिन्यात अंधार होता, तरी तिच्या आवाजातलं हसू त्याला स्पष्ट ऐकू आलं. "आता चल ना पुढे. माझे हात भरून आले."