खोटी खिडकी

जेवणानंतर अनंतकाका गच्चीत सतरंजीवर टेकले की माझा भाऊ वरद मुद्दाम भुतांचा विषय काढतो, आणि मी आधी जिन्यातला दिवा लावून येते. परवा काका म्हणाले, "भुतांचं मला माहीत नाही. रंगनाथचं सांगतो. माझ्याच ऑफिसातला."

शनिवार पेठेत नदीकडच्या गल्लीत पाच घरांची सलग ओळ आहे. चुन्याचा गिलावा, त्यात वेलबुट्टी, वरून एकच कंगोरा फिरलेला. लांबून एक मोठी हवेलीच वाटते. दोन घरांच्या सांध्यावर खिडकीची जागा रिकामी दिसत होती, म्हणून बांधणाऱ्याने तिथे चुन्यातच खिडकी घडवली. मिटलेल्या दोन झडपा, कडीसुद्धा. मागे दोन घरांमधली भरीव भिंत. ती भिंत रंगनाथ आणि त्याचा शेजारी दिगंबर, दोघांची सामायिक.

"दिगंबर म्हणायचा, पुण्यातली एकमेव सभ्य खिडकी. कुणाच्या घरात डोकावत नाही."

निजायच्या आधी दिगंबर त्या भिंतीवर आतून दोनदा ठोकायचा. रंगनाथ पलीकडून दोनदा. झोप आता, एवढाच अर्थ. लहानपणापासूनची सवय.

एक घर पाडलं तर त्याला टेकलेलं दुसरं उभं राहणार नाही. म्हणून बिल्डरला कुणीच द्यायचं नाही, असा दोघांनी एकमेकांना शब्द दिलेला. रंगनाथने गुपचूप सही केली. दिगंबरला ते मोजणीला आलेल्या माणसांकडून कळलं. तो भांडला नाही. मुलाकडे वाघोलीला निघाला. रिक्षात बसताना म्हणाला, "येतो, रंगनाथ."

"मग ते काय म्हणाले?" वरदने विचारलं.

"आपण काय म्हणतो? 'ये' म्हणाला." काका सतरंजीवर सावरून बसले. "शब्द मोडलेल्या माणसाने निदान तेवढं तरी म्हणायला नको होतं."

महिन्याभरात दिगंबर वाघोलीलाच वारला. रंगनाथ कर्वेनगरला फ्लॅटमध्ये राहायला गेला.

मग गेल्या वर्षीची दिव्याची अवस. घरातले सगळे दिवे घासून मांडले, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं, समई जुन्या घरीच राहिली. "अहो, तेवढी घेऊन या." रंगनाथ स्कूटर काढून गेला. गल्लीतले लाइट गेलेले. मोबाइलच्या उजेडात वर चढला, कोनाड्यातली समई उचलली.

भिंतीवर कुणीतरी ठोकलं.

दोनदा.

"उंदीर असतील," वरद म्हणाला.

"असतील. मोजून ठोकणारे."

पलीकडच्या घराला कुलूप होतं. येताना त्याने पाहिलं होतं. पण हात... हात आपोआप उठला. त्यानेही ठोकलं. दोनदा.

मग काही नाही.

काहीच नाही...

आणि भिंतीतून, अगदी कानाशी, "आलो."

खाली कुणीतरी गेट लावलं आणि मी काकांचा दंड धरला.

"समई तिथेच टाकून पळाला," काका हळूच म्हणाले. "अजून भिंतीला लागून झोपत नाही. हॉलच्या मधोमध गादी घालतो. चला, झोपा आता."

आज भर दुपारी मी आणि वरद त्या गल्लीत जाऊन आलो. ओळ अजून उभी आहे. चुन्याच्या खिडकीची एक झडप, रंगनाथच्या घराकडची, बोटभर उघडी आहे.

चुना जुनाच. कुठे तडा नाही.