मा म्या यीचे मोकळे पाय

"पाय बांध तिचे, पोरी. अंगठे बांधल्याशिवाय माती लोटू नकोस."

नाटकमंडळीतल्या म्हाताऱ्या थ्वे आजीनं मा प्वाला असं बजावलं होतं.

मा प्वानं ऐकलं नाही.

पुढचं सगळं घडलेलं आहे. ब्रह्मदेशात, पकोक्कूच्या वेशीबाहेर, इरावतीच्या काठी, इंग्रजांच्या अमलात. तेही रात्री नाही, भर दुपारी. मा प्वानं ते माझ्या आजीला सांगितलं आणि आजीनं मला. मी शिकलेली आहे, असल्या गोष्टी हसून सोडून द्यायचे. आता घरात तान्ही लेक आहे. आता हसू येत नाही.

मा म्या यी ही मा प्वाची धाकटी बहीण. नाटकमंडळीतली नर्तकी. तिच्या नाचाच्या लुंगीला मागे लांबलचक सोगा असायचा. वळताना ती टाचेनं तो असा मागे उडवायची की फट्ट आवाज व्हायचा, आणि लोक वेडे व्हायचे. मा प्वा तिला नटवायची, तिची तान्ही पोर सांभाळायची.

नवरा, को ऑन्ग डुन, त्याच मंडळीत ढोल वाजवायचा. महासंशयी.

"त्या तांदूळवाल्याकडे बघून हसलीस तू."

"हसणं माझं काम आहे. तुझ्या तोंडाकडे बघून नाचले, तर लोक घरी जातील उठून!"

विदूषक को पौक खिदळला. "डुन, लेका, ढोलाशीच लग्न लावायचं होतंस. हवं तेवढं बडव, उलट उत्तर नाही!"

सगळे हसले.

डुन हसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मा म्या यी मंडपामागे आरशासमोर बसून गालांना थनाख्याच्या सालीचं उगाळलेलं गंध लावत होती. डुननं मागून तिचे केस धरले आणि कोयता चालवला. मा प्वा पाणी घेऊन आली, तेव्हा आरशावरून रक्त ओघळत होतं. बहीण कधीच गेली होती. तो अजून मारतच होता.

मग तो नदीकडे पळाला.

असल्या मरणाला आमच्यात कच्चं मरण म्हणतात. प्रेत गावात नेत नाहीत, वेशीबाहेरच पुरतात. हातांचे आणि पायांचे अंगठे बांधतात. मेलेलं माणूस परत येऊ नये म्हणून.

मा प्वानं हात बांधले. पाय समोर आले आणि तिचा जीव तुटला. या पायांवर अख्खी मंडळी जेवली होती. ते जनावरासारखे बांधायचे?

तिनं दोरा मुठीत लपवला. लुंगी पायांवर ओढली.

"बांधले," ती म्हणाली.

मंडळी वेशीबाहेरच्या धर्मशाळेत उतरली होती. दुपारी सगळे झोपायचे.

आधी झाडांवरची किरकिर थांबली.

मग दारातलं कुत्रं दिसेनासं झालं.

मग, ओसरीच्या फळ्यांवर...

फट्ट.

को पौक उठून बसला. "कोण रे चादर झटकतंय?"

कोणीच नव्हतं.

पोर शेळीचं दूध घेईना. तरी रडेना. मा प्वानं तिचं तोंड पुसलं, आणि...

ओठांवर दूध होतं. ताजं. कोमट.

चार-सहा दिवसांनी डुन आला. दुपारीच. डोळे लाल, हातात तोच कोयता.

"पोर दे."

"कुठे नेणार तिला?"

"तिच्या आईकडे."

मा प्वा आडवी आली. त्यानं तिला भिंतीवर आपटलं, तिचा हात कोपरात मोडला. त्यानं पाळण्यावर कोयता उगारला, आणि...

फट्ट.

तो थांबला.

फट्ट... फट्ट... जवळ.

"म्या यी?"

कुणी कमरेत लाथ घालावी तसा तो उताणा कोसळला. मग त्याची छाती दबली. टाचेएवढा खड्डा पडला. पुन्हा. पुन्हा. बरगड्या बांबूसारख्या कडकडल्या. तोंडातून रक्ताचा फेस आला. गळा दबला. आणि ते घाव तालात पडत होते. तो ज्या तालावर बायकोला नाचवायचा, त्याच तालात.

डुन संपला.

आवाज संपला नाही.

फट्ट... पाळण्यापाशी येऊन थांबला.

पोर गार पडू लागली. ओठ निळे झाले.

धावत आलेल्या थ्वे आजीनं एकदा डुनकडे, एकदा पोरीकडे पाहिलं आणि मा प्वाच्या कानशिलात भडकावली. "खोटं बोललीस ना मला? नवऱ्याचा हिशेब झाला तिचा. आता लेकरू नेईल. ऊन आहे तोवर जा, बांधून ये!"

मा प्वानं बांधायला स्वतःच्या केसांची बट उपटली. को पौकनं फावडं घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विनोद सुचला नाही.

माती उकरली. लुंगी बाजूला केली...

तळवे रक्तानं ओले होते. त्यांत ओसरीच्या फळ्यांची कुसळं रुतली होती.

मा प्वानं एका हातानं आणि दातांनी पायांचे अंगठे आवळून बांधले. मग तिची नजर वर गेली...

हातांचा दोरा तुटला होता. अंगठे आत धरून दोन्ही मुठी आवळलेल्या. को पौकनं जोर लावला, एक बोटसुद्धा उघडेना.

"प्वा, चल! मावळतंय!"

हात तसेच राहिले. माती लोटली.

परत आले तर पोर टाहो फोडत होती. अंग गरम होतं. ती जगली. तीच माझी आजी.

ते फट्ट पुन्हा कुणालाच ऐकू आलं नाही.

पण मा प्वा सांगायची, लहानपणी आजी दुपारी जागी झाली की दोन्ही हात वर करायची. उचलून घे म्हणून. समोर कुणीही नसताना.

परवापासून माझी लेक तेच करतेय.

मी समोरच उभी असते. ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघते... आणि हसते.

आत्ता ती आत झोपली आहे. मी दर दोन ओळींनी उठून बघून येतेय. तुमच्याही घरात तान्हं झोपलं असेल, तर वाचणं राहू द्या. उठा. एकदा जाऊन बघा...

त्याचे हात खाली आहेत ना?