प्रोद्रोमोसचा अंगठा

बायबलचा पाठ म्हणणाऱ्या वाचकाने घसा खाकरला, तशी ग्रीसमधल्या वेरिया गावच्या चर्चमधली सगळी गर्दी चवड्यांवर उभी राहिली. लग्नाच्या पाठातलं शेवटचं वाक्य आता येणार होतं— पत्नीने पतीचं भय बाळगावं. त्या वाक्यावर नवरीने नवऱ्याच्या पायावर पाय द्यायचा, म्हणजे घरात कोणाचं चालणार ते तिथेच ठरतं. पाद्रीबुवांना हा रिवाज मुळीच पसंत नव्हता, आणि दर लग्नात तेच सगळ्यांत आधी वाकून बघत.

असिमिनालाही बघायचं होतं. पण पुढे एफ्तेर्पीमावशीच्या केसांचा डोंगर होता. असिमिना उंच टाचांवर आणखी उंच झाली. वाक्य आलं, नवरीने पाय दिला, लोक हसले, मागून धक्का बसला... आणि असिमिनाची टाच खाली आली ती उजवीकडच्या अनोळखी माणसाच्या बुटावर. पूर्ण वजनानिशी.

तो ओरडला नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं. मग हळूच म्हणाला, "ठीक आहे... घर तुमचं."

एफ्तेर्पीमावशी मागे वळली. तिने टाच पाहिली, बूट पाहिला, दोन्ही चेहरे पाहिले. तिला तेवढं पुरलं.

जेवणाच्या टेबलाशी असिमिना पोचली तेव्हा बातमी तिथे आधीच बसलेली होती. "अगं, त्या वाक्यावर पडलेला पाय वाया जात नाही," मावशी शेजारणीला सांगत होती. "प्रोद्रोमोस नाव त्याचं. सालोनिकाला विद्यापीठात हिब्रू शिकवतो. बाप इथेच, पीचच्या कारखान्यात."

असिमिना रुमालात बर्फ घेऊन गेली. त्याने बूट काढून पाय खुर्चीवर ठेवला होता. अंगठा जांभळा पडत होता.

"माफ करा. मी मुद्दाम नाही..."

"मुद्दाम दिला असता तर बरं वाटलं असतं," तो म्हणाला. "तुम्ही काय करता? म्हणजे, टाचांव्यतिरिक्त."

"क्लासमध्ये जुनं ग्रीक शिकवते."

"अरे वा. चार प्रेमांची भाषा."

"चार शब्द आहेत म्हणून टोमणा मारायचं कारण नाही," असिमिना बर्फ जरा जोरानेच दाबत म्हणाली. "घरच्यांवर स्तोर्गी, मित्रांवर फिलीया, जीव जाळणारा तो एरोस, आणि सगळ्यांच्या वर अगापी. ज्याचं त्याला. तुमच्या हिब्रूत काय, सगळं एकाच पोत्यात. देवावर अहवा, बायकोवर अहवा."

"रश्श्यावरही. बायबलातला म्हातारा इसहाक मुलाला म्हणतो, मला आवडतं तसं चविष्ट कालवण करून आण. तिथेही तोच शब्द."

"लाज नाही वाटत?"

"उलट. रस्सा आणि बायको एकाच शब्दात बसवल्यावर माणसाला नुसतं बोलून सुटता येत नाही. काहीतरी करून दाखवावं लागतं. आणि तुमची ती सगळ्यांच्या वरची अगापी... शमशोनाचं त्याला झोपेत दगा देणाऱ्या दलीलेवर काय होतं? जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तिथे अगापीच आहे. केस गेले बिचाऱ्याचे."

असिमिनाला हसू आलं आणि त्याचा रागही आला. अगापी या शब्दाशी तिचं वाकडं होतं. जर्मनीत स्तुटगार्टला निघून गेलेला तिचा होणारा नवरा तो शब्द तीन वर्षं रोज संध्याकाळी फोनवर पाठवत असे. निघाला त्या दिवशीही पाठवला. जातोय एवढंच लिहायचं राहिलं.

पुढच्या शनिवारी प्रोद्रोमोस लंगडत तिच्या क्लासच्या दाराशी आला. हातात रेवनीचा, रव्याच्या पाकातल्या मिठाईचा डबा. "नख काळं पडलंय," तो म्हणाला. "ज्याने पाय दिला त्याने बघायला नको?"

नख दर शनिवारी दाखवण्यात येऊ लागलं. ते बघून झालं की दोघं नदीकाठच्या कॉफीच्या टपरीवर बसत आणि भांडत. त्याने तिला हेसेद सांगितला— वचन दिलंय म्हणून, कंटाळा आला तरी न सुटणारा जिव्हाळा. "याला तुमच्याकडे एक शब्द नाही. भाषांतरकारांनी नुसती दया लिहून वेळ मारून नेली."

"दया बरी. तुझ्या नखावर मी दुसरं काय करते?"

"तू म्हणालीस मला आत्ता."

"नखाला म्हणाले."

एकदा पावसाने टपरीच्या छपराखाली दोघांना खेटून उभं केलं. तो समोर नदीकडे बघत म्हणाला, "अजून एक आहे. दावक. चिकटणं. पुरुष आईबापांना सोडून बायकोला चिकटून राहील, असं आहे ना..."

"आमच्या भाषांतरातही तेच आहे," असिमिना म्हणाली. "चक्क गोंदाचा शब्द."

"म्हणजे एका ठिकाणी तरी आपलं जमलं."

पाऊस थांबला. दोघांपैकी कोणीच बाजूला सरकलं नाही... मग असिमिनाने घड्याळ पाहिलं आणि क्लासला उशीर होतोय म्हणाली. त्या दिवशी क्लास नव्हता.

पीचचा हंगाम सरला तेव्हा नख गळून पडलं. खाली नवं, गुलाबी नख आलेलं होतं. प्रोद्रोमोसने मोजा चढवला आणि बराच वेळ नाडी बांधत बसला.

"आता यायला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

असिमिनाने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"मी कुठलाच शब्द म्हणणार नाही, असिमिना. तुला शब्दांनी एकदा फसवलंय, तूच सांगितलंस, आणि माझ्याकडे शब्दच शब्द आहेत. पुढच्या रविवारी तुझ्या मामेभावाचं लग्न आहे. मी तुझ्या उजवीकडे उभा राहीन. ते वाक्य येईल. पाय दिलास तर दिलास. नाही दिलास तर शनिवारी येणं बंद. रागाने नाही... उगाच खुळ्यासारखं नको म्हणून."

तो आठवडा असिमिनाने धड क्लास घेतला नाही. मुलांना क्रियापदांऐवजी दोनदा खिडकी शिकवली. फसवणाऱ्याने काय केलं ते तिला पाठ होतं. न फसवणारा दर शनिवारी लंगडत आला होता, तेही पाठ झालं होतं. तरी भीती जाईना.

रविवारी चर्च गच्च भरलं. प्रोद्रोमोस उजवीकडे उभा होता, नव्या सुटात, समोर बघत. डावा पाय किंचित तिच्याकडे सरकवलेला. एफ्तेर्पीमावशी या खेपेला नवरीकडे पाठ करून उभी होती.

वाचकाने घसा खाकरला. गर्दी चवड्यांवर गेली. वाक्य सुरू झालं... पत्नीने...

असिमिनाच्या मनात आलं, हलकेच द्यावा, कळेल न कळेल असा. मग वाटलं, द्यायचाच तर त्यात हातचं राखायचं कशाला. तिने पाय उचलला आणि होता नव्हता तो जोर लावून टाच खाली आणली.

टण्णकन आवाज झाला. तवा पडावा तसा. वाचक अडखळला, पाद्रीबुवांनी मान वळवली. असिमिनाची टाच मोडून बाजूला लवंडली होती आणि तिने तोल सावरायला त्याचा दंड घट्ट धरला होता.

तिने खाली पाहिलं. सुटाच्या खाली त्याच्या बापाचे कारखान्यातले बूट होते, पुढे पोलादी टोपण असलेले.

"म्हणजे तू धरूनच चालला होतास, मी देणार म्हणून?" ती दातओठ खात कुजबुजली.

"नाही गं. रात्रभर झोप नव्हती." तो समोरच बघत पुटपुटला. "पण दिलास तर तू कसा देशील, ते मला माहीत होतं."

तिने दंड सोडला नाही. मोडक्या टाचेवर तशीच, एका बाजूला कलून, त्याला चिकटून उभी राहिली.

"गोंद," ती म्हणाली.

एफ्तेर्पीमावशीने छातीवर क्रूस काढला आणि निवांतपणे नवरीकडे तोंड केलं.