पांढऱ्या पट्टीवरची निळी रेघ

मोराच्या पिसात निळा रंग नसतो, हे ओवीला काही केल्या पटेना.

"पीस कुटून बघ, तपकिरी भुकटी निघेल," आजोबा म्हणाले. "आतले बारीक कण अशा शिस्तीत बसलेत, की निळा प्रकाश तेवढा परत येतो."

तिचे आजोबा, रसायनशास्त्राचे प्राध्यापक केळुसकर, आयुष्यभर हीच किमया विषाणूंकडून करून घ्यायला धडपडत होते. घाबरू नका! हे विषाणू जीवाणूभक्षी (फक्त जीवाणूंना लागण करणारे, माणसाच्या वाटेला न जाणारे) होते. दिसायला काडीसारखे. त्यांच्या द्रावणात काच बुडवून वर ओढली, की ते काचेवर ओळीनं चिकटतात आणि रंगीत पट्टी तयार होते. शिळ्या मासळीचा वायू लागला की पट्टी फुगते, काड्यांमधलं अंतर वाढतं आणि रंग बदलतो.

आज वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या शेवंतीमावशी टोपली घेऊन प्रयोगशाळेत आल्या होत्या. दुपारची गिऱ्हाईकं त्यांची ताजी मासळीही शिळी ठरवून निघून जात. पट्टी जमली, तर टोपलीलाच लावायची होती.

पण आजोबांचा मदतनीस असलेल्या भिकू यंत्रमानवानं द्रावणातून काच ओढली आणि पट्टी निघाली पांढरीफटक! मध्ये फक्त एक निळी रेघ. आजोबांचं तोंड एवढंसं झालं.

ओवी रेघेकडे बघत राहिली. "भिकू, काच ओढताना मध्येच मी तुझ्याशी बोलले, तेव्हा काय झालं?"

"बोलताना माझा हात मंदावतो."

"मग तिथंच निळं झालंय! आजोबा, आज वेग कुणी वाढवला?"

आजोबांनी जीभ चावली. "मीच गं. कधी एकदा मावशींना दाखवतो, असं झालं होतं."

"काडेपेटीत काड्या घाईनं कोंबल्या तर वाकड्यातिकड्या बसतात, तसंच ना?"

"अगदी तसंच! ओळीत यायला त्यांना वेळच मिळाला नाही."

दुसरी काच भिकूनं अगदी सावकाश ओढली. पट्टी निळीशार झाली! ताज्या बांगड्यावर ती निळीच राहिली, मुद्दाम ठेवलेल्या शिळ्या बांगड्यावर हिरवी झाली.

"आता बघतंय, कोण माझ्या बांगड्यांका शिळे म्हणता ता!" म्हणत शेवंतीमावशी टोपलीला पट्टी लावून बाजारात गेल्या. भर दुपारी टोपली रिकामी झाली.

"दुधासाठीही पट्टी करू या?" घरी जेवताना ओवीनं विचारलं.

"करू या की!" आजोबा म्हणाले. त्यांच्यासाठी एकही बांगडा उरला नव्हता. पण पिठलं-भात इतक्या आनंदानं खाताना ओवीनं त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.